सह्याद्रीतले घाट आणि रोडबाईक: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

घाटात रोडबाईक, म्हणजे बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायकल, घेऊन जायचं म्हटलं की तेच तेच प्रश्न येतात, कुठून सुरुवात करू, गिअर पुरतील का, पावसात जाऊ का, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. पुण्या-साताऱ्याकडचे रस्ते जास्त आलेत कारण तेच जास्त पायाखालचे आहेत, बाकीच्या भागांबद्दल खाली थोडक्यात आहे.

मी नवीन आहे, पहिला घाट कुठला करू?

पुण्यात असाल तर बोपदेव. कोंढव्याकडून गेलात तर खरा चढ चार-पाच किलोमीटरचाच आहे, वर पोचल्यावर सासवडकडे रस्ता मोकळा होतो आणि नाहीच जमलं तर वळून दहा मिनिटांत खाली. त्यानंतर दिवे घाट आणि जुना कात्रज घाट. हे तिन्ही घाट न थांबता, धाप न लागता जमायला लागले की मग सिंहगडाचा विचार करा, त्याआधी नको. लोक पहिल्याच महिन्यात सिंहगडाला जातात, अर्ध्यात उतरून सायकल ढकलतात आणि मग सहा महिने घाटाचं नाव काढत नाहीत, हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण घाट चढणं ही ताकदीपेक्षा सवयीची गोष्ट आहे आणि सवय छोट्या चढावरच लागते.

कोल्हापूरवाल्यांना पन्हाळा आणि जोतिबा आहेच, साताऱ्यात यवतेश्वर, संभाजीनगरकडे दौलताबाद–खुलताबाद–वेरूळ रस्ता. प्रत्येकाच्या गावाजवळ एक तरी छोटा घाट असतोच.

फक्त ६० किलोमीटर होते, तरी पाच तास का लागले?

कारण तुम्ही किलोमीटर मोजले, उंची नाही मोजली. इथे राईड ठरवताना पहिला प्रश्न "किती लांब" हा नसतोच, "किती चढाई" हा असतो. माझा हिशोब सोपा आहे. नियमित सायकल चालवणारा पण रेसर नसलेला माणूस तासाला साधारण ५०० ते ६०० मीटर उंची चढतो. वाई साधारण ७२० मीटरवर आहे, पाचगणी १२९० च्या आसपास, म्हणजे पसरणी घाटाला तास-सव्वा तास धरा. पोलादपूर जवळपास कोकणाच्या पातळीवर आहे आणि महाबळेश्वर १३५० च्या वर, म्हणजे आंबेनळी चढायला अडीच तास तर नुसता चढ, वर पाणी-फोटो-दम खाणं वेगळं. सपाटीचे किलोमीटर ताशी २० ने काढा, चढाईचा वेळ त्यात मिळवा आणि वर अर्धा तास सोडा, उत्तर बऱ्यापैकी बरोबर येतं.

मोबाईलवरचा रूट प्लॅनर चढाई दाखवतो पण घाटात तो आकडा कधीकधी फुगतो, रस्ता कड्याला चिकटून जातो आणि नकाशा कड्याची उंची पकडतो. म्हणून सुरुवातीची आणि शेवटची उंची बघून डोक्यात एकदा पडताळा घ्या.

सह्याद्री ज्वालामुखीचा आहे म्हणतात, त्याचं सायकलवाल्याला काय?

सगळंच. हा भाग समजला की रस्ता आधीच वाचता येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा, आणि एकावर एक आडवे थर साचत गेले, भाकऱ्यांच्या चवडीसारखे. आज त्याने जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे आणि महाबळेश्वरच्या भागात या थरांची जाडी हजार मीटरच्याही वर आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, काळा, फोडायला कठीण, आणि वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि ठिसूळ. पाऊस ठिसूळ भाग आधी खातो आणि कठीण भाग कडा होऊन उभा राहतो, म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, कडा, मग सपाट पट्टा, परत कडा.

आता सायकलवर बसा. चढ सगळीकडे सारखा का नसतो ते इथे कळतं. रस्ता कड्याच्या भागात वळणं घेत घेत वर जातो, मग एखाद्या सपाट पट्टीवर येतो, तिथे बहुतेक वेळा चार घरं, शेताचा तुकडा, देऊळ किंवा टपरी असते, तिथे पाय मोकळे होतात आणि मग पुढचा कडा सुरू. समोर वर सपाट पट्टी दिसतेय म्हणजे दम खायला जागा आहे हे एकदा लक्षात आलं की माणूस घाबरत नाही, ताकद वाटून वापरतो.

दुसरं म्हणजे सह्याद्री दोन्ही बाजूंनी सारखा नाहीये. पूर्वेला देशाकडे जमीन हळूहळू उतरत जाते, पश्चिमेला कोकणाकडे एकदम तुटलेला कडा. म्हणून पुण्याहून निघून घाटमाथ्यावर फिरताना छोटे छोटे चढउतार लागतात आणि माणसाला वाटतं घाट झाला, आणि मग कोकणाच्या बाजूला उतरलं की पाचशे ते बाराशे मीटर एका दमात खाली जातं, आणि परत यायचं असेल तर तेवढंच एका दमात वर. परतीचा विचार न करता कोकणात उतरू नका.

तिसरं, घाट खोदताना कापलेल्या भिंतीकडे बघत चला, चढताना वेग ८-९ चाच असतो, वेळच वेळ असतो. काळ्या थरांच्या मधे विटेसारखा लालभडक मातीचा पट्टा दिसतो, कधी वीतभर, कधी त्याहून जाड. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात खालचा थर हवापाण्याने सडला, माती झाली, मग वरून नवा लाव्हा आला आणि ती भाजली गेली. त्याच भिंतीत पांढरे, चमकणारे ठिपके दिसले तर ते झिओलाइटचे खडे, लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर भरलेले. पुणे-नाशिक-जळगाव पट्ट्यातले असे खडे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आपण त्याच भिंतीला टेकून केळी खात असतो.

मग विवर कुठे आहे? लोणार?

विवर नाही आणि शंकूसारखा डोंगरही नाही, कारण लाव्हा भेगांमधून पसरला. लोणार या काळ्या लाव्ह्याच्या दगडातच, म्हणजे बेसॉल्टमध्येच आहे पण ते उल्कापाताने झालंय, ज्वालामुखीने नाही. आणि सगळं कधीच थंड झालंय, काळजी नको.

गिअर कुठले पाहिजेत?

पुढे ५०/३४ चा कॉम्पॅक्ट (पेडलजवळची दोन चक्रं) आणि मागे ११-३२ किंवा ११-३४, हे आकडे चक्रांच्या दात्यांचे. याहून जड काही असेल तर कात्रज जमेल, सिंहगडावर गुडघे बोलायला लागतील. हिशोब बघा, पुढे ३४ आणि मागे ३४ म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक एकदा फिरतं, साधारण २.१ मीटर. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर ताशी पावणेनऊ किलोमीटर. सायकलसकट तुमचं वजन ८० किलो असेल तर ५ टक्के चढावर (शंभर मीटरला पाच मीटर वर) या वेगाला शंभरेक वॅट लागतात, ते बहुतेकांना जमतं. १० टक्क्यांवर तोच वेग ठेवायला दोनशेच्या आसपास लागतात, ते तासभर फार कमी लोकांना जमतं. म्हणजे १० टक्क्यांवर तुम्ही शेवटच्या, म्हणजे सर्वात हलक्या गिअरमध्येही कॅडेन्स (मिनिटाच्या पेडल-फेऱ्या) ५० वर येणार, आणि मागे २८ च असेल तर उभं राहूनच पेडल मारावं लागणार.

मोठा कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवायचा तर मागच्या डिरेल्यरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) तो झेपतो का ते मेकॅनिकला आधी विचारा, चेनची लांबीही बदलावी लागते. आणि मागे ३४ लावला म्हणून कोणी कमी सायकलपटू ठरत नाही. क्लबमध्ये कोणी असं बोललं तर दुर्लक्ष करा आणि चढा.

हायब्रिड किंवा एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) चालेल का?

चालेल की. एमटीबीला जाड नक्षीचे टायर असतील तर ते काढून गुळगुळीत टाका, अर्धा त्रास तिथेच कमी होतो. वजन दोन-तीन किलो जास्त म्हणून चढाला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच. उलट रोडबाईकवाल्यांनाच मी सांगेन की २३ आणि २५ एमएमचे टायर आता सोडा, २८ टाका आणि फ्रेममध्ये बसत असतील तर ३२. आपल्या रस्त्यांची खडी बेसॉल्टचीच, फुटलेल्या कडा धारदार, आणि आता बरेच घाट सिमेंट काँक्रीटचे होतायत, त्यात दोन लेनच्या मधली लांब फट बारीक चाक गिळते. उतारावर त्या फटीला समांतर कधीही जाऊ नका, ओलांडायची तर तिरकं आणि ठामपणे ओलांडा.

देशावर काळ्या मातीतले रस्ते वेगळे. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि डांबर लाटांसारखं वरखाली होतं. नकाशात सपाट दिसणारा रस्ता अंग खिळखिळं करतो तो यामुळे.

सिंहगड खरंच एवढा अवघड आहे?

हो. अंतर पायथ्यापासून जेमतेम ९ किलोमीटर, पण चढाई सहाशे मीटरच्या आसपास आणि ती एकसारखी नाही. मोठे घाट गाड्या आणि ट्रक चढावेत म्हणून आखलेत, त्यांचा चढ साधारण ५ टक्क्यांच्या जवळपास राहतो, अधूनमधून ७-८. सिंहगडाचा रस्ता गडावर जायचा आहे, व्यापारी मालाचा नाही, त्यामुळे मधेच १० च्या वर जाणारे तुकडे येतात आणि ते नेमके वळणांवर. वळणाच्या आतल्या बाजूने कधीही जाऊ नका, तिथे चढ सर्वात तीव्र असतो. समोरून काही येत नसेल तर बाहेरच्या अंगाने मोठं वळण घ्या.

शनिवार-रविवारी सकाळी सातच्या आत वर पोचलात तर ठीक, नंतर गाड्यांची रांग लागते आणि चढावर क्लच जळाल्याचा वास, हॉर्न, यू-टर्न. शक्य असेल तर मधल्या वारी जा. पावसाळ्यात दरड पडल्यावर रस्ता बंदही ठेवतात. वर गेल्यावर दही आणि पिठलं-भाकरी आहेच, पण उतरायच्या आधी पोट गच्च भरू नका.

पुण्याजवळ पूर्ण दिवसाची एकच राईड सुचवायची झाली तर?

पाबे घाट. खडकवासला, खानापूर, रांजणे, पाबे खिंड, वेल्हे, मार्गासनी, नसरापूर आणि हायवेने खेड शिवापूरवरून कात्रज. तुम्ही शहरात कुठे राहता त्यावर ११५ ते १२५ किलोमीटर. या लूपवर माझं प्रेम आहे ते लपवत नाही. खानापूरपर्यंत रस्ता गंमतीत जातो, रांजणे मागे पडलं की चढ अंगावर येतो, छोटा पण खडा, इथे शेवटचा गिअर टाकून बसूनच चढायचं, उभं राहायचा मोह टाळायचा कारण मागचं चाक सुट्या खडीवर घसरतं. मग खिंडीत रस्ता वळतो आणि एका बाजूला तोरणा आणि दुसऱ्या बाजूला राजगड, दोन्ही एकाच नजरेत. तोरणा १४०० मीटरचा, आडवा, रुंद, आणि राजगडाचा बालेकिल्ला मधेच वर आलेला. इथे थांबाच. लोक स्ट्राव्हा अ‍ॅपवरच्या सेगमेंटच्या (ठरलेल्या तुकड्याच्या) वेळेसाठी खिंडीतून न थांबता जातात, मला ते पटत नाही.

वेल्ह्यात पोहे, वडापाव, चहा मिळतो. तिथून नसरापूरपर्यंत बहुतेक उताराकडे झुकलेला रस्ता, पण उन्हाचा. नसरापूरनंतर हायवे, तो भाग दुपारी बारानंतर नको, ट्रक आणि ऊन दोन्ही असतं, म्हणून पहाटे पाचला निघा.

वाई–पाचगणी–महाबळेश्वर कसं करू?

एका दिवसाचं वर्तुळ म्हणून साताऱ्याहून करा. सातारा, मेढा, केळघर घाटाने महाबळेश्वर, मग पाचगणी, पसरणी घाटाने वाई आणि पाचवडवरून परत सातारा, साधारण सव्वाशे किलोमीटर. मेढ्याच्या बाजूने चढायचं कारण तिकडे टुरिस्ट गाड्या कमी, आणि पसरणी उतरायला सुंदर आहे, रुंद, वळणं मोकळी, खाली धोम धरणाचं पाणी. फक्त चढायचाच असेल तर पसरणीही उत्तम, चढ एकसारखा असल्याने लय लागते, पहिला मोठा घाट म्हणून मी हाच सांगतो.

पाचगणीचं टेबललँड बघून घ्या. काळा दगड कुठेच दिसत नाही, वर सगळा जांभा, लाल, छिद्राछिद्रांचा. बेसॉल्टच कोट्यवधी वर्षं पाऊस खाऊन खाऊन असा झालाय. महाबळेश्वर, पाचगणी, कास, सगळीकडे डोक्यावर हाच लाल दगड, म्हणून माथा टेबलासारखा सपाट.

पुण्याहून वाईला हायवेने खंबाटकी घाट चढून जाता येतं, मी ते सांगत नाही. कापूरहोळवरून भोर, तिथून मांढरदेवीचा घाट आणि मग वाई, हा रस्ता जास्त चढाईचा आहे पण शांत आहे. यात्रेच्या दिवसांत, म्हणजे पौषात, मांढरदेवीला प्रचंड गर्दी असते तेव्हा टाळा.

कोकणात उतरायचंय, ताम्हिणी, वरंध की आंबेनळी?

पहिल्यांदा असेल तर ताम्हिणी. मुळशी धरणाच्या कडेने वरखाली करत जायचं, मग घाट उतरून विळे, निजामपूर, माणगाव. चढ परत येताना पाचशे मीटरहून जास्त आहे पण अति खडा नाही. वरंध भोरहून महाडला उतरतो, निरा-देवघरच्या पाण्याच्या कडेचा रस्ता फारच देखणा, पण घाटाचा रस्ता अरुंद आणि दरडींचा, पावसाळ्यात प्रशासन बहुतेक वेळा बंदच ठेवतं, निघायच्या आधी भोर किंवा महाडमध्ये कोणाला तरी फोन करून खात्री करा. आंबेनळी सर्वात मोठा, महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीसेक किलोमीटर, मधे वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत, महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, हा रस्ता जागोजाग खचला होता. त्या डोंगराचा कडा किती ठिसूळ आहे ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

कोकणात उतरून त्याच दिवशी परत वर यायचा हट्ट नको. माणगाव, महाड किंवा पोलादपूरला मुक्काम करा, पहाटे साडेपाचला घाट सुरू करा. कोकणातली दमट हवा आणि दुपारचं ऊन यात आंबेनळी चढणं म्हणजे शरीरावर अत्याचार आहे, घाम वाळतच नाही, अंग थंडच होत नाही.

पावसाळ्यात जाऊ का? फोटो बघून राहवत नाही.

जा, पण समजून जा. जूनचे पहिले पाऊस आणि मग सप्टेंबर, हे दोन काळ बरे. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर एका दिवसात दोनशे-तीनशे मिलिमीटर पाऊस होतो, हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर घरी बसा, यावर चर्चा नाही.

दरड कशी येते बघा. पाणी कठीण थराच्या भेगांमधून झिरपतं आणि खालच्या लाल मातीच्या किंवा ठिसूळ पट्ट्यावर अडतं, तो पट्टा मऊ होतो आणि वरचे मोठे दगड आधार सुटून येतात. म्हणून पाऊस थांबल्यावरही एक-दोन दिवस धोका असतो. वळणावर रस्त्यात ताजे, टोकदार, माती लागलेले मुठीएवढे दगड पडलेले दिसले तर तिथे फोटोला थांबायचं नाही, वर बघत पटकन पुढे सरकायचं. धबधबा रस्त्यावर पडत असेल आणि पाणी गढूळ लाल झालं असेल तर मागे फिरा.

शेवाळ ही दुसरी गोष्ट. ज्या वळणावर झाडांची सावली कायम असते तिथे डांबराच्या कडेला हिरवट-काळा चकचकीत थर असतो, त्यावर ब्रेक लावला की सायकल आडवी. पाण्यातून जाताना कडेऐवजी गाड्यांच्या चाकांनी घासलेल्या पट्ट्यातून चालवा. धुकं असेल तर दिवसाही पुढे पांढरा, मागे लाल लाईट चालू, आणि भडक रंगाचं जॅकेट.

सर्वात चांगला मोसम विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत घाट संपला पाहिजे, काळा दगड दिवसभर तापतो आणि भिंतीतून भट्टीसारखी धग येते.

कासची फुलं सायकलवर बघता येतील?

येतील. साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून पंचवीसेक किलोमीटर. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बहर, आधी ऑनलाईन बुकिंग बघून घ्या. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा झाल्या त्यात कास आहे. जांभ्यावर मातीचा अगदी पातळ थर असतो, त्यातच ती फुलं उगवतात, म्हणून सायकल पठाराच्या बाहेर, पाय पायवाटेवर. ही विनंती कळकळीची आहे.

मुंबईहून कुठले घाट?

एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, प्रयत्नही करू नका. खोपोलीहून जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळावरून बोरघाट चढा. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत "घाटाचा राजा" ठरतो तो याच चढावर. कसारा घाट हायवेचा आहे, ट्रक फार. माळशेज सुंदर, पण पावसाळ्यातल्या वीकेंडला गर्दी आणि हुल्लड दोन्ही असतं.

आमच्या भागाबद्दल काहीच नाही?

कोल्हापूरकडे गगनबावडा बघा, एकाच गावातून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात, एकाने उतरून दुसऱ्याने चढायचं, दोन्ही रस्त्यांची अवस्था आधी विचारून घ्या. शिवाय आंबा, फोंडा, आंबोली. नाशिककरांना घोटीहून भंडारदरा, कळसूबाई १६४६ मीटरचं समोर दिसत राहतं. रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, २०१५ मध्ये जोडीने पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ नाशिकचेच. विदर्भात परतवाड्याहून चिखलदरा, खानदेशात शहाद्याहून तोरणमाळ, दोन्हीकडे सातपुडा असला तरी दगड हाच काळा लाव्ह्याचा.

उतारावर भीती वाटते, ब्रेक जळतील का?

भीती वाटते ते चांगलंच आहे. हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळलेल्या भागावर, ठेवा, तिथून ब्रेकला जोर कमी लागतो. ब्रेक सतत घासत ठेवू नका, सरळ रस्त्यावर वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग कमी करा, मग सोडा आणि वळा. वळणात असताना ब्रेक नाही. बाहेरचा पाय खाली, नजर वळणाच्या शेवटाकडे. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारे) असतील तर लांब घाटात मधे थांबून रिम गार होऊ द्या, विशेषतः कार्बन रिम. पावसात रिम ब्रेक पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पकडतच नाहीत, म्हणून आधीपासून हलके लावून पाणी पुसून घ्या.

आणि समोरची गाडी तुमच्या लेनमध्ये येणार असं धरूनच प्रत्येक आंधळं वळण घ्या. एसटीचे ड्रायव्हर घाटात शिस्तीचे असतात, हॉर्न देतात, जागा देतात. भाड्याची गाडी घेऊन पहिल्यांदा घाटात आलेल्या माणसापासून जपा.

खायचं-प्यायचं काय?

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हाळ्यात जास्त, त्यात मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. खाणं भूक लागायच्या आधी, दर पाऊण तासाला काहीतरी. केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे, हे महागड्या जेलपेक्षा आपल्याला जास्त सोसतं. चढाच्या आधी मिसळ नको, तेल-तिखट घाटात वर येतं. ती परतीला खा. वाटेत ताक, कोकम सरबत, उसाचा रस, पण रसात बर्फ नको म्हणून सांगा.

पाण्याबद्दल एक लक्षात ठेवा. चार महिने जिथे धो धो पाऊस पडतो त्याच घाटमाथ्यावर मार्चनंतर विहिरी कोरड्या, कारण हा घट्ट दगड पाणी फार साठवत नाही. गावात बायका लांबून हंडा आणत असतील तर तिथे बाटल्या भरायला मागू नका, आधीच्या मोठ्या गावातून भरून घ्या.

कुत्री, माकडं, बिबट्या?

कुत्रा मागे लागला तर थांबून उतरा आणि सायकल मधे धरा, बहुतेक कुत्री तिथेच शांत होतात. माकडांना काही खायला देऊ नका आणि खाऊ पिशवीबाहेर लटकवू नका. बिबट्याचं मनावर घ्या, जुन्नर-आंबेगावकडे उसाच्या पट्ट्यात ते खरंच आहेत. तिकडे अंधारात एकटं निघू नका, उजाडल्यावर निघा.

मुलींनी एकटीने जावं का?

बऱ्याच जणी जातात. घाटातली गावं मदतीची आहेत, टपरीवरच्या मावशी आधी पाणी देतात मग चौकशी करतात. खरी अडचण टॉयलेटची, म्हणून रूट आखतानाच पेट्रोल पंप आणि बरी हॉटेलं टिपून ठेवा. घाटात मधे मधे रेंज जाते, म्हणून लाईव्ह लोकेशनवर पूर्ण भरवसा नको, "अमुक वाजता अमुक गावातून फोन करेन" असं घरी सांगून निघा. पुरुषांनीही हेच करावं.

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, करायचीय, घाटाचा किती उपयोग?

खूप. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० मिळतात, आणि आपल्याकडच्या रूटमध्ये घाट असतोच. पायाइतकंच, घाटात वेळ कसा वाटायचा हेही इथेच शिकायला मिळतं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पुणे ग्रँड टूर ही यूसीआयची (जागतिक सायकलिंग संघटनेची) स्टेज रेस, म्हणजे टप्प्याटप्प्यांची शर्यत, झाली, तेव्हापासून याच रस्त्यांबद्दल विचारणारे खूप वाढलेत. मला त्याचा मनापासून आनंद आहे.

वारीच्या दिवसांत?

माऊलींची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो, आजूबाजूचे सासवड-जेजुरी रस्तेही भरलेले. त्या आठवड्यात पश्चिमेला जा, नाहीतर सायकल घरी ठेवून वारीत चाला.

घाटात पंक्चर झालं तर गावात काढून मिळेल?

मोटरसायकलचं मिळेल, तुमचं बहुतेक नाही. रोडबाईकच्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह तिथल्या कॉम्प्रेसरला बसत नाही, एक पितळी अ‍ॅडॅप्टर जवळ ठेवा, स्वस्तात मिळतो. दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पॅच, पंप आणि टायर कापला गेला तर आतून लावायला जुन्या टायरचा दोन इंची तुकडा. चेन तुटली तर क्विक लिंक (चेनची जोडकडी) आणि चेन टूल. हे सगळं सीटखालच्या पिशवीत बसतं, आणि घरी एकदा घड्याळ न बघता, सावकाश, मागचं चाक काढून ट्यूब बदलून बघा, कारण पाबे खिंडीत तुम्हाला ते शिकवायला कोणी नसेल.